वाटेवरचे लेख : रस्त्याकडेच्या इतिहासचिन्हांचा आढावा

रस्त्याच्या कडेला उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला त्या जागेचा पूर्ववृत्तांत सांगणारा फलक हा इंग्रजी अमदानीत आलेला आणि स्वातंत्र्यानंतर सरकारी खात्यांनी पुढे चालवलेला प्रकार आहे, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु लक्षात राहावी अशी गोष्ट रहदारीच्या वाटेवरच मांडायची, ही कल्पना महाराष्ट्रात किमान दोन हजार वर्षे जुनी आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्याशी कातळात खोदलेले लेणे हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण होय. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारा व्यापारी तांडा जेथे दम खायला थांबे, नेमक्या त्याच ठिकाणी सातवाहन राजघराण्याने आपल्या माणसांच्या प्रतिमा कोरून घेतल्या, प्रत्येक प्रतिमेच्या डोक्यावर ब्राह्मी अक्षरांत तिचे नाव घातले आणि बाजूच्या भिंतींवर यज्ञांची व त्यांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाणी अशा दक्षिणेची लांबलचक यादी लिहविली. हा लेख राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जातो आणि बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ठेवतात. आज त्या प्रतिमांपैकी पावलांच्या खुणांखेरीज जवळजवळ काहीच शिल्लक नाही, वरची नावे मात्र वाचता येतात. पुतळे गेले आणि पाट्या उरल्या, असा हा उलटा प्रकार आहे. एरवी रस्त्यावर पाट्या आधी जातात.

येथे ‘इतिहासचिन्ह’ हा शब्द थोड्या काटेकोर अर्थाने वापरला आहे. देऊळ, किल्ला किंवा वाडा ही स्वतः वास्तू असते, तिचा उपयोग निराळा असतो आणि इतिहास तिला नंतर चिकटतो. चिन्हाचे काम मुळातच वाटसरूला थांबवून काहीतरी सांगण्याचे असते. या अर्थाने वीरगळ, सतीशिळा, दानाचा शिलालेख, मैलाचा दगड, लढाईचा स्तंभ, पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आणि नगरपालिकेने घरावर लावलेली गोल पाटी या सर्व एकाच कुळातल्या गोष्टी ठरतात. मग त्या प्रत्येकीविषयी तेच प्रश्न विचारता येतात: चिन्ह उभारले कोणी, कोणासाठी, आणि उभारणारा गेल्यावर ते सांभाळले कोणी. आजवरच्या लेखनात पहिल्या प्रश्नाची चर्चा भरपूर झाली आहे, तिसऱ्याची फारच थोडी. आणि प्रत्यक्षात चिन्हाचे भवितव्य तिसराच प्रश्न ठरवतो.

संख्येने सर्वांत मोठा वर्ग वीरगळांचा आहे. लढताना मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभी केलेली कोरीव शिळा म्हणजे वीरगळ, आणि त्यातला ‘गळ’ हा कानडी ‘कल्लु’ म्हणजे दगड या शब्दावरून आला, असे सामान्यतः मानतात. शिळा खालून वर वाचायची असते. तळाच्या चौकटीत झुंज असते किंवा वीर आडवा पडलेला असतो, आणि शेजारी गाई कोरलेल्या असतील तर तो गावची गुरे सोडवताना पडला असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत असतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर ही कीर्ती राहील असा निर्वाळा. कर्नाटकातील वीरगळांवर पुष्कळदा लेख असतो, महाराष्ट्रातील बहुसंख्य शिळांवर तो नसतो. त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते: माणूस कसा मेला, कशासाठी मेला आणि मेल्यावर त्याला काय मिळाले हे दगड नीट सांगतो, पण त्याचे नाव सांगत नाही. शिळा उभारली तेव्हा नावाची गरज नव्हती, कारण वेशीवरून जाणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होते. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर गावातील वीरगळांवर वल्ह्यांच्या जहाजांच्या रांगाच कोरलेल्या आहेत आणि अनेक अभ्यासक त्यांचा संबंध शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात १२६५च्या सुमारास झालेल्या आरमारी संघर्षाशी जोडतात. तरीही त्या जहाजांवरचे लढवय्ये नावानिशी कोण होते, हे शिळांच्या चौकटींतून कळत नाही.

नाव विसरले गेल्यावर या शिळांचे काय होते, हा या विषयातला सर्वांत समृद्ध भाग आहे. गाव त्यांना टाकून देत नाही. वेशीवरचा, ओढ्याकाठचा किंवा देवळाच्या आवारातला वीरगळ कुठे वेताळ होतो, कुठे म्हसोबा, कुठे नुसताच ‘वीर’; त्याला शेंदूर लागतो, अमावास्येला नारळ फुटतो, लग्नाचे वऱ्हाड त्याच्या पाया पडून पुढे जाते. गुंथर सोनथायमर यांनी धनगर आणि गवळी समाजांच्या दैवतांचा मागोवा घेताना या स्थित्यंतराकडे लक्ष वेधले, आणि एस. सेट्टर यांच्यासह त्यांनी संपादित केलेला स्मृतिशिळांवरचा १९८२चा ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्याआधी दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासच्या पायवाटा आणि त्यांच्या तिठ्यांवरची देवीची ठाणी यांची सांगड घालून, दैवताची जागा ही पुष्कळदा जुन्या वाटेची खूण असते, असे दाखवले होते. पुराणवस्तूंच्या जाणकाराला शेंदूर म्हणजे विटंबना वाटते, कारण थरावर थर चढून कोरीव काम दिसेनासे होते. पण ज्या शिळेला शेंदूर लागला ती सहसा कोणी पायरीला किंवा धुणे धुवायच्या दगडाला वापरली नाही, हेही तितकेच खरे आहे. शेंदूर अर्थ पुसतो आणि दगड वाचवतो.

सतीशिळा ओळखायला सोपी असते: कोपरात वाकवून वर उचललेला, बांगड्या भरलेला हात आणि वर चंद्रसूर्य. मुंबई इलाख्यात १८३० मध्ये या प्रथेवर बंदी आली आणि १९८७च्या कायद्याने तिचे उदात्तीकरणही गुन्हा ठरवले, त्यामुळे अशा शिळेशेजारी फलक लावताना तिचे वय आणि शैली सांगून मोकळे होता येत नाही. बहुतेक फलक नेमके तेच करतात.

दानाच्या शिळांपैकी गधेगळ हा प्रकार स्वतंत्र विचाराला पात्र आहे. राजाने किंवा अधिकाऱ्याने जमीन, उत्पन्न वा देवस्थानची नेमणूक दान दिली की तिचा मजकूर दगडावर कोरून तो दगड त्या जागी उभा करीत; वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, आणि खाली गाढव व स्त्री यांचे एक ओंगळ दृश्य, जे दान मोडणाऱ्याच्या आईला उद्देशून असे. मजकूर वाचता न येणाऱ्यालाही शाप कळावा, ही त्यामागची योजना. अलिबागहून रेवदंड्याला जाणाऱ्या रस्त्यावरील आक्षी गावची शिळा याच वर्गातली असून तिच्यावर शके ९३४ हे वर्ष आणि शिलाहार केसिदेवरायाचे नाव वाचले गेले आहे. तो शक धरला तर इसवी सन १०१२ येते आणि आक्षीचा लेख मराठीतल्या अगदी आरंभीच्या लेखांत जाऊन बसतो. सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग कुडलचा शके ९४०चा लेख आणि श्रवणबेळगोळचा लेख हे त्याचे या वादातले प्रतिस्पर्धी. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या संग्रहामुळे अशा लेखांचा एकत्रित अभ्यास शक्य झाला. आद्य मराठी लेख कोणता यावर शाई पुष्कळ सांडली आहे, परंतु आक्षीची शिळा मात्र कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला ऊनपावसात उघडी होती.

गधेगळाचा एक वारस आजही रस्तोरस्ती दिसतो, तो म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा निळा फलक. हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे असून १९५८च्या कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्याची नासधूस करणाऱ्याला शिक्षा होईल, एवढेच तो सांगतो. २०१०च्या दुरुस्तीनंतर ही शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड अशी झाली आणि स्मारकाभोवतीचा १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित, तर त्यापुढचा २०० मीटरचा पट्टा नियंत्रित ठरला. वास्तू कोणी बांधली, केव्हा, कशासाठी, हे सांगणारा दुसरा फलक कुठे असतो, कुठे नसतो. धमकीचा फलक मात्र हमखास असतो. शापाऐवजी कलम आले, इतकाच काय तो फरक. आणि शापाप्रमाणेच कलमाचाही धाक बेताचाच ठरतो: २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने देशभरातील ९२ संरक्षित स्मारके जागेवर सापडत नसल्याचे नोंदवले, आणि २०२४ मध्ये सर्वेक्षणाने १८ स्मारके यादीतून वगळण्याची प्रक्रिया सुरू केली, त्यांत हरियाणातील मुजेसर येथील एक कोसमिनार होता. कोसमिनार म्हणजे मुघल राजमार्गावर कोसाकोसाला बांधलेला अंतरदर्शक मनोरा. अंतर दाखवण्यासाठी उभी केलेली वस्तू स्वतःच हरवावी, यावर टिप्पणी करण्याची गरज नाही.

अंतराच्या दगडांचा महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाचा संच मुंबईत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारने कोटातील सेंट थॉमस चर्च हा शून्यबिंदू धरून शहराच्या उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मैलामैलाला काळ्या दगडाचे खांब बसवले आणि त्यांवर चर्चपासूनचे अंतर रोमन आकड्यांत कोरले. याच चर्चकडे उघडणाऱ्या तटाच्या दरवाजाने चर्चगेट हे नाव मागे ठेवले, हे सर्वश्रुत आहे. त्या काळी कोट हे शहर होते आणि दादर-शीव म्हणजे मुलूख. दगडांनी तो दृष्टिकोन आकड्यांत मांडला होता. पुढे शहर उत्तरेकडे सरकले, डांबराच्या थरांनी रस्ते चढत गेले आणि दगड खाली खाली जात काही ठिकाणी केवळ माथा दिसू लागला. फेरीवाल्याला बसायला तो बरा पडे. वारसा यादीत पहिल्या श्रेणीत असूनही त्यांचा शोध आणि दुरुस्ती महापालिकेने अलीकडच्या काही वर्षांत हाती घेतली. महामार्गांवरील पिवळ्या डोक्याचे आणि राज्यमार्गांवरील हिरव्या डोक्याचे किलोमीटरचे दगड हे याच कुळाचे आजचे रूप असून त्यांचा चुना आणि रंग राखणाऱ्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामगाराला दशमान पद्धत येऊन सहा दशके उलटली तरी ‘मैलकुली’च म्हणत आले आहेत.

लढायांच्या स्मारकांचा विचार करताना पुणे-नगर रस्त्यावरील कोरेगाव भीमाच्या स्तंभाजवळ अधिक वेळ थांबणे आवश्यक आहे, कारण चिन्हाचा अर्थ उभारणाऱ्याच्या मुठीतून कसा सुटतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टनच्या तुकडीने दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेला दिवसभर तोंड दिले. त्याचे स्मारक म्हणून कंपनीने १८२१ मध्ये स्तंभाचे काम सुरू केले आणि त्यावर इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत मजकूर कोरला. उद्देश साम्राज्याच्या गौरवाचा होता. पण शिरस्त्याप्रमाणे पडलेल्या शिपायांची नावेही कोरली गेली, आणि त्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी असलेल्या ‘नाक’ या प्रत्ययाने ती महार शिपायांची असल्याचे कळते. शतकाभरानंतर, १ जानेवारी १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे जाऊन या नावांना मानवंदना दिली आणि तेव्हापासून परकीय सत्तेचा विजयस्तंभ हा जातिव्यवस्थेने नाकारलेल्या शौर्याचा पुरावा म्हणून वाचला जाऊ लागला. दगडावरचे एक अक्षरही बदलले नाही. बदलला तो वाचणारा. वीरगळाने नाव गाळले म्हणून तो दैवत झाला आणि या स्तंभाने नावे नोंदवली म्हणून तो हक्काचा दस्तऐवज झाला, ही तुलना येथे अप्रस्तुत ठरू नये. अशा चिन्हांतील चार ओळींचे वजन किती असते, हे जवळच्या वढू बुद्रुक गावाने दाखवून दिले: संभाजी महाराजांच्या अंत्यविधीशी ज्यांचे नाव परंपरेने जोडले जाते त्या गोविंद गोपाळ यांच्या समाधीसंबंधीच्या फलकावरून डिसेंबर २०१७च्या अखेरीस तेथे वाद पेटला, आणि पाठोपाठ १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव परिसरात हिंसाचार झाला.

याच रीतीने शत्रूची कबरही गावाची होऊ शकते. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टला मराठ्यांनीच ‘इष्टुर फाकडा’ हे कौतुकाचे नाव दिले, आणि वडगाव मावळातील त्याची कबर त्याच नावाने ओळखली जाते. गोव्यात जुन्या गोव्याच्या रस्त्यात उभा असलेला ‘हात कातरो खांब’ हा काळ्या दगडाचा खांब देवळाचा असावा असे अभ्यासकांचे मत आहे; लोकस्मृती मात्र त्याचा संबंध धर्मसमीक्षणाच्या काळात तेथे हात तोडण्याच्या शिक्षेशी जोडते आणि नावातच तो आरोप जपते. त्या आरोपाला कागदोपत्री आधार किती, हा संशोधनाचा प्रश्न आहे. परंतु उद्या तेथे फलक लिहिताना लोकांनी ठेवलेले नाव गाळणे आणि ते सिद्ध इतिहास म्हणून छापणे, या दोन्ही सारख्याच चुका ठरतील.

घरांवर लावायच्या पाट्यांची कथा थोडक्यात सांगता येते. लंडनमध्ये ही योजना १८६६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी पहिली पाटी कवी बायरनच्या जन्मस्थानी लागली. १८८९ मध्ये ते घरच पाडले गेले. त्या शहरात हाउली प्लेसमध्ये लोकमान्य टिळकांची आणि हायगेटमध्ये इंडिया हाउसच्या जागी सावरकरांची पाटी आहे, म्हणजे ज्या सत्तेने या दोघांना तुरुंगात टाकले तिच्याच राजधानीने त्यांचा पत्ता जपला आहे. पुण्यात महापालिका आणि ‘इन्टॅक’ या वारसा-जतन संस्थेच्या पुढाकाराने नामवंतांच्या निवासस्थानी निळ्या पाट्या लागल्या. योजना चांगली आहे, पण पाटीने वाड्याला कायद्याचे संरक्षण मिळत नाही आणि पुण्याचे वाडे पाडले जाण्याचा वेग सर्वांना माहीत आहे. वाडा गेल्यावर नव्या इमारतीच्या कुंपणावर पाटी राहिली, तरी ती ज्याकडे बोट दाखवते ते तेथे नसते.

स्थानिक पातळीवर या सगळ्यांहून अधिक वेगाने वाढलेला प्रकार म्हणजे कोनशिला. एखाद्या बारवेची दुरुस्ती किंवा हुतात्म्याच्या स्मारकाचे सुशोभीकरण झाले की संगमरवरावर उद्घाटकाचे नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत, खाली प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, नगरसेवक, निधीचे नाव आणि शेवटी ठेकेदार. ज्याच्यासाठी हे सारे, त्याच्या वाट्याला एक ओळ, तीही पुष्कळदा अशुद्ध. साताऱ्याजवळ लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीवरचा अठराव्या शतकातील लेख विहीर विरूबाई भोसले यांनी कोणत्या शकांत बांधली एवढे सांगून थांबतो, त्याच्याशी ताडून पाहिले म्हणजे संयम म्हणजे काय ते कळते. सातवाहनांनीही नाणेघाटात आत्मस्तुतीच केली होती, असा प्रतिवाद होऊ शकतो. त्यांनी निदान घाट बांधून काढला होता.

सांभाळण्याच्या प्रश्नात सर्वांत अवघड पेच जागा बदलण्याचा आहे. रस्ता रुंद होतो, जेसीबी येतो आणि आड येणारी शिळा उचलून कधी ग्रामपंचायतीपुढे, कधी देवळाच्या ओट्यावर, कधी वस्तुसंग्रहालयात ठेवली जाते. हानी टाळण्यासाठी हे कधी कधी अपरिहार्य असते. सोपाऱ्यात सापडलेले अशोकाच्या शिलाशासनांचे तुकडे मुंबईच्या संग्रहालयात आहेत म्हणूनच आज पाहायला मिळतात. तथापि वीरगळ वेशीवर होता की पाणवठ्यावर, त्याचे तोंड कोणत्या वाटेकडे होते, गधेगळ कोणत्या शेताच्या बांधाला होता, ही माहिती दगडावर कोरलेली नसते, ती जागेतच असते. शिळा हलवण्यापूर्वी तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश, दिशा आणि छायाचित्र नोंदवणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि आजच्या मोबाइलच्या काळात ते न होण्यास कारण नाही. रस्त्याच्या निविदेत झाडांची मोजणी असते, दगडांची नसते.

बोरघाटात या सगळ्या प्रश्नांचा एकत्र पडताळा मिळतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या आणि मोबदल्यात देशाचे स्वातंत्र्य मागितल्यामुळे गोळी घातल्या गेलेल्या धनगराची ही लोककथा असून घाट चढणारे चालक त्याच्यापुढे नाणे टाकून पुढे जातात. त्याच डोंगरात १८५६ ते १८६३ या काळात रेल्वेमार्ग खोदला गेला, एका टप्प्यावर ४०,०००हून अधिक मजूर कामावर होते आणि त्यांतले हजारो पटकी, ताप व अपघात यांनी मेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आणि त्याच्या मृत्यूनंतर काम तडीस नेणारी त्याची पत्नी ॲलिस यांची नावे इतिहासात आहेत, मजुरांची नाहीत. वाट दाखवणाऱ्या एका मारल्या गेलेल्या माणसाला घाटाने देवपण दिले, यात त्या निनावी मरणांची आठवण मिसळली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. तो सिद्ध करता येणार नाही.

तेथून जवळच १८३० मध्ये बांधलेला दगडी पूल होता. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत घाटरस्ता खुला झाला, त्या काळाचा तो अवशेष. पुलाला सरकारी नाव काय होते हे फारसे कोणाला आठवत नाही, कारण तेथे लागलेल्या एका डोकेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीवरून लोक त्याला अमृतांजन पूल म्हणू लागले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने रस्ता मोकळा असताना तो सुरुंग लावून पाडण्यात आला. पूल नाही, जाहिरात तर त्याच्या कितीतरी आधी गेली. तरी सुट्ट्या लागल्या की द्रुतगती मार्गाच्या बातम्यांत अमृतांजन पुलाजवळ वाहनांच्या रांगा लागल्याचे आजही सांगितले जाते.